टॅक्रोलिमस घरी कसं सांभाळायचं (द्राक्षं खाल्ली तर चालतात)

दादाला किडनी बसवून चार वर्षं झाली, वहिनींनीच दिली, आणि तेव्हापासून गोळ्यांचं खातं माझ्याकडं आहे म्हणून लिहितोय. टॅक्रोलिमस म्हणजे बसवलेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. डोस किती ते डॉक्टरच ठरवणार, त्यात मी पडत नाही.

पहिलं म्हणजे वेळ. आमच्याकडं सकाळी नऊ आणि रात्री नऊ, बरोब्बर बारा तास. गजर दोघांच्या फोनवर लावा, कारण लग्नात पंगतीला बसल्यावर माणूस गजर बंद करतो, जेवून घेतो म्हणतो आणि विसरतो. रिकाम्या पोटी घेत असाल तर रोज तशीच घ्या, पोटात अन्न असलं की औषध कमी शोषलं जातं. चुकली तर पुढच्या वेळी डबल नाही, डॉक्टरांना फोन. दिवसातनं एकदाच घ्यायचीही कॅप्सूल मिळते, ती आणि ही वेगळी, मेडिकलवाल्यानं "सेमच आहे" म्हणून दिली तरी स्ट्रिप वाचा, कंपनी बदलली तरी आधी विचारा.

लेव्हलचं, म्हणजे रक्तात औषध किती आहे ते बघायचं, रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. पहिल्या वर्षी मिरजेत एका लॅबमधे कुणी विचारलंच नाही, रिपोर्ट भलताच वाढून आला, डॉक्टर डोस कमी करायच्या बेतात, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, निघायची घाई म्हणून गोळी मी सातलाच दिली होती की!" परत रक्त, परत पैसे. आता गोळी डबीत, डबी दादाच्या खिशात, रक्त दिलं की लॅबच्या बाकड्यावरच घेतो.

आता आपल्या सांगलीचा घोळ. कागदावर लिहिलेलं ग्रेपफ्रूट नको, आणि घरी तासगावच्या पाव्हण्यांची द्राक्षाची पेटी तीन दिवस तशीच पडून. अहो ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हं, ते लिंबाच्या जातीचं मोठं फळ, आपलं पपनस त्याच्याच भावकीतलं, ते पण बंद. हे औषध मोडणारं आतड्यातलं एन्झाइम ती फळं अडवतात, मग रक्तात औषध साठतं, हात थरथरतात, किडनीवर ताण येतो. द्राक्षं स्वच्छ धुऊन खुशाल खा.

गुळवेलीचा काढा कुणी प्रेमानं आणून दिला तरी नको, प्रतिकारशक्ती दाबायला आपण गोळ्या खातोय आणि काढा ती चेतवायला बघतो. अंग दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनानं नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लेव्हल वाढवतात, टीबीचं रिफॅम्पिसिन पाडतं, म्हणून दाताच्या डॉक्टरकडं गेलात तरी आधी यादी दाखवा. ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

 

आणि पंधरा दिवसांचा साठा जादा ठेवा. 2019 ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा उघडं मेडिकल शोधायची पाळी आली होती लोकांवर. पावसाळ्यात आमची पिशवी माळ्यावर असते, आत फाईलची झेरॉक्स, आणि गोळ्या स्ट्रिपमधेच, सुट्या काढल्या की ओल धरतात.