झोपेच्या वेळेपासून उलटं मोजा

रोज घाम गाळूनही रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, ही तक्रार विशी-पंचविशीतली कितीतरी मुलंमुली करतात आणि मग व्यायामच सोडून देतात. याचं फार वाईट वाटतं. कारण नियमित व्यायामाने झोप सुधारते. आधी तपासायचं ते व्यायामाच्या जोडीने पोटात जाणारं कॅफिन.

१. तीन दिवस सगळं लिहून काढा: काय प्यायलात, किती वाजता. कपभर कॉफीत साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, चहात त्याच्या निम्मं किंवा कमी, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये सुमारे ८०. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या डब्यावरचा आकडा नीट वाचा. एका चमच्यात २०० किंवा त्याहून जास्तही सापडेल.

२. आता उलटं मोजा. कॅफिन शरीरात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला २०० मिलिग्रॅम घेतलं, तर अकराला अंथरुणावर पडताना १०० उरतं, म्हणजे जवळजवळ कपभर कॉफी पिऊनच झोपायला गेल्यासारखं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यानेच डोळे जड होतात. कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. म्हणून शेवटचा कप झोपेच्या आठ तास आधी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर, कारण त्यांच्यामुळे कॅफिन शरीरातून फार सावकाश जातं.

३. कॅफिन एकदम तोडू नका. डोकं ठणकतं, चिडचिड होते. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. तेवढं घ्यायलाच हवं असं नाही.

४. व्यायाम संध्याकाळी केला तरी चालतो. फक्त दम काढणारा प्रकार झोपेच्या दोन तास आधी आटोपा, म्हणजे वाढलेले ठोके आणि तापलेलं अंग खाली यायला वेळ मिळतो. उशीर झालाच तर हलकं स्ट्रेचिंग करा, पण पावडर नको.

दोन आठवडे असं करून पाहा. तरीही झोप येत नसेल, तर डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.