बारबेलच्या वाटेत न येणारा टॅटू

जिममध्ये वजनं उचलायचा आमचा शेवटचा सेट रात्री पावणेअकराच्या सुमारास संपतो. त्यानंतर घरी जायची घाई कुणालाच नसते. चार-पाच जण मॅटवर पाय पसरून बसतो आणि बाटलीतलं उरलंसुरलं पाणी संपवतो. कुणाचं घरात बिनसलेलं असतं, कुणाला नोकरी सोडायची असते, कुणी नुकत्याच पाहिलेल्या सिनेमातली मारामारी हातवारे करून सांगत असतो. आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी बाही वर सारून विचारतंच, "इथे टॅटू कसा दिसेल गं?"

मी उलट विचारते, "तू डेडलिफ्ट कोणत्या वारी करतोस?" डेडलिफ्ट म्हणजे वजनाचा बार जमिनीवरून उचलत सरळ उभं राहणं.

माझ्या डाव्या नडगीवर एक बगळा आहे. त्याची मान मध्येच तुटलेली आहे. टॅटू काढून नऊ दिवस झाले होते, खपली सुकली होती आणि मला वाटलं, झालं आता. डेडलिफ्टच्या तिसऱ्या रेपला, म्हणजे तिसऱ्यांदा उचलताना, बार नडगीला घासत वर आला आणि मानेवरची खपली शाईसकट निघाली. दोन महिन्यांनी ती जागा पुन्हा भरून घेतली, पण व्रण धरलेल्या त्वचेत शाई सारखी बसत नाही. तेव्हापासून मी ठरवलंय, की वजन उचलणाऱ्या माणसाने टॅटूची जागा आणि तारीख आपल्या व्यायामाच्या वेळापत्रकाला विचारून ठरवावी. आरशाला नंतर विचारता येतं.

आधी एवढं समजून घ्या. टॅटूची सुई साधारण 1 ते 2 मिलिमीटर आत जाते. त्वचेचा वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, त्यामुळे शाई त्याच्या खालच्या थरात सोडावी लागते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी ते रंगाचे कण गिळून बसतात. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग शेजारची नवी पेशी उचलते. टॅटू वर्षानुवर्षं टिकतो तो या देवाणघेवाणीमुळे. मात्र पहिले काही आठवडे ती निव्वळ उघडी जखम असते. तिला नक्षी समजू नका, खरचटलेलं ढोपर समजा.

आता जागा. आपल्या लिफ्ट, म्हणजे वजन उचलायचे प्रकार, आठवा आणि बार कुठे कुठे टेकतो ते बघा. बॅक स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार पाठीवर घेऊन उठबशा काढताना, तो मानेच्या खाली, पाठीच्या वरच्या भागावर बसतो. फ्रंट स्क्वॉट (बार पुढे धरून उठबशा) आणि क्लीनमध्ये (बार जमिनीवरून खांद्यापर्यंत उचलणं) गळ्याच्या हाडापाशी आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला. डेडलिफ्टमध्ये नडगी आणि मांडी, हिप थ्रस्टमध्ये (पाठ बेंचला टेकवून बारसकट कंबर वर उचलणं) ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंची हाडं. बारच्या मधल्या भागावर पकडीसाठी जी खरखरीत जाळी कोरलेली असते, ती ताज्या टॅटूवर कानशीसारखी चालते. बेंच प्रेस, म्हणजे बेंचवर उताणं झोपून बार वर ढकलणं, करणाऱ्यांना छातीची काळजी असते, खरी झीज पाठीच्या पात्यांवर होते, कारण आपण ती बेंचवर दाबून धरतो. तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूबद्दल तर बोलूच नका. तिथली कातडी सतत झिजते, घट्टे पडतात, आणि रंग वर्षभरही धड राहत नाही.

सांध्यांची गोष्ट वेगळी आहे. कोपराचा खळगा, गुडघ्याची मागची बाजू, मनगट या जागी बार लागत नाही, पण प्रत्येक रेपला त्वचा दुमडते आणि खपलीला भेगा जातात. दंडाची बाहेरची बाजू, पोटरीचा मागचा भाग आणि कोपरापासून चार बोटं खाली हाताची आतली बाजू या जागा वजन उचलणाऱ्यांना सोयीच्या पडतात.

"पण दंड वाढला तर टॅटू ताणला जाईल ना?" हे हमखास विचारलं जातं. स्नायू हळूहळू वाढतो, त्वचाही त्याच्या बरोबरीने वाढते, आणि चित्र साधारण तसंच राहतं. अडचण येते ती स्ट्रेच मार्क उमटतात तिथे: काखेच्या पुढची घडी, दंडाची आतली बाजू, ओटीपोट. झपाट्याने वजन वाढवायचा बेत असेल तर या जागा सोडा, किंवा बेत पुरा होईपर्यंत थांबा.

जागा ठरली की आमच्याकडे एक परीक्षा असते. घरच्या प्रिंटरवर चालणारा ट्रान्स्फरचा कागद मिळतो. आपलं चित्र खऱ्या मापात, उलटं करून छापायचं, ठरवलेल्या जागी चिकटवायचं आणि दोन आठवडे नेहमीसारखा व्यायाम करायचा. स्टिकर तीन-चार दिवसांत विरतो, मग नवा लावायचा. पण तो विरतो कुठून, ते रोज रात्री नीट बघा आणि फोटो काढून ठेवा. ज्या कोपऱ्यातून तो आधी जातो तिथे काहीतरी घासतंय: बार, बेल्ट, बेंचची कड, ब्राची पट्टी. मला कागदावर विचार करून कधीच सुचलं नसतं, की माझ्या कमरेवरच्या जागेला स्क्वॉटपेक्षा बेल्टचं बक्कल जास्त लागतं. स्टिकरने चार दिवसांत सांगितलं. चित्र दोन इंच वर सरकवलं आणि प्रश्न मिटला. शिवाय पंधरा दिवस ते अंगावर वागवलं की मन भरतंय की विटतंय हेही कळतं.

सिनेमातल्या टॅटूंवर आमच्यात रात्री फार बोलणं होतं, म्हणून हेही सांगते. पडद्यावर दिसतात ते बहुतेक असेच ट्रान्स्फर असतात, मेकअपवाले ते चिकटवतात. ते कॅमेऱ्यासाठी रेखलेले असतात, वीस वर्षं जगणाऱ्या कातडीसाठी नाही. आणि चित्रावर कुणाचा तरी हक्क असतो. बॉक्सर माईक टायसनच्या चेहऱ्यावरचा टॅटू काढणाऱ्या कलाकाराने 2011 मध्ये एका हॉलिवूड स्टुडिओवर दावा लावला होता, कारण तसाच टॅटू दुसऱ्या नटाच्या चेहऱ्यावर दाखवला होता. ते प्रकरण शेवटी आपसात मिटलं. पात्र आवडलं असेल तर त्यातलं तुम्हाला नेमकं काय लागलं ते आर्टिस्टला सांगा आणि नवं चित्र काढून घ्या.

अक्षरं काढणार असाल तर इथे जरा थांबा, कारण हे माझ्या जिवाचं आहे. माझ्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला आईच्या हस्ताक्षरात "पोचलीस का?" असं लिहिलेलं आहे. तिच्या एका जुन्या चिठ्ठीतून उचललेलं. शाई वर्षांगणिक थोडी पसरते, हे कोणत्याही लिपीला चुकत नाही, पण देवनागरीत ते लवकर जाणवतं. च, ध, घ, थ यांच्या पोटातली पोकळी बुजते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, वेलांटीचा गोल भरून जातो. आईचं अक्षर बारीक होतं. मूळ मापात काढलं असतं तर पाच-सात वर्षांत "पोचलीस"मधला च ओळखू आला नसता. म्हणून ते जवळजवळ दुप्पट केलं, आणि ओकाराची मात्रा शिरोरेषेपासून जराशी उचलली. वळण तिचंच राहिलं.

आर्टिस्टला देवनागरी वाचता येत असेल असं धरून चालू नका. स्टेन्सिल, म्हणजे चित्राचा कच्चा ठसा, अंगावर उमटवल्यावर, सुई लागण्याआधी, ते मोठ्याने वाचा. ऱ्हस्व-दीर्घ बघा, जोडाक्षर सुटलेलं नाही ना ते बघा, शिरोरेषा अक्षरागणिक तुटलेली नाही ना ते बघा. फॉन्टमधून घेतलेल्या मजकुरात पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला उडी मारते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आरशात वाचू नका, सगळं उलटं दिसतं. फोटो काढून दोन माणसांना पाठवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत खुर्चीत बसून राहा.

तारीख डेलोडच्या, म्हणजे मुद्दाम हलका व्यायाम करायच्या, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे हलके दिवस फुकट जात नाहीत. आदल्या दिवशी त्या भागाचा जबर व्यायाम करू नका. दुखऱ्या स्नायूवर तीन तास सुई सोसणं कठीण जातं. पोटभर जेवून जा, स्पर्धेसाठी खाणं आवळलेल्या दिवसांत जाऊ नका. आदले चोवीस तास दारू नको, आणि त्या दिवशी प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पावडरीचा, डबा बंद ठेवा, हात स्थिर राहायला हवा.

नंतरचं माझं गणित असं. पहिले दोन दिवस जिम पूर्ण बंद. तिसऱ्या दिवसापासून त्या भागाला ताण न देता बाकीचं हलकं: हातावर टॅटू असेल तर पाय, पायावर असेल तर वरचं अंग. सैल, स्वच्छ सुती कपडा, बेंचवर स्वतःचा टॉवेल, आणि व्यायाम संपल्या संपल्या कोमट पाण्याने बिनवासाच्या साबणाने धुणं. गप्पा नंतर. घाम स्वतः फारसं बिघडवत नाही, पण बेंचवर लोकांनी सोडलेले जंतू जखमेत गेले तर ते महागात पडतं. मलम अगदी पातळ लावा, थापू नका. खपली खाजवायची नाही आणि ओढायची नाही. त्या जागेवर घासणारी लिफ्ट तीन ते चार आठवडे बंद, खपली गेलेली दिसली तरी. पोहणं, सॉना, स्टीम तेवढेच दिवस बंद. ऊन लागू देऊ नका. त्वचा पूर्ण भरली की सनस्क्रीन, तीसच्या वरचं, कायमचं.

लाली पसरत चालली, जागा तापली, पू दिसला किंवा ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा. लाल रंगाची अॅलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते आणि ती कधी कधी काही महिन्यांनीही उठते. तेव्हा ती जागा पुढे खाजायला, फुगायला लागली तरी दाखवून घ्या.

सध्या आमच्यातल्या एका मुलीचा अकरावा दिवस चालू आहे, स्टिकरचा. खांद्याच्या मागच्या बाजूला चिमणी, तिला वडिलांनी त्या नावाने हाक मारलेली म्हणून. काल रात्री तिने पाठ वळवून दाखवली तर डावा पंख अर्धा गेला होता. बॅगेचा पट्टा, आम्ही सगळे एकदम म्हणालो. तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर अडकवून पाहिली, मग मॅटवर बसून फोनमध्ये चिमणी जराशी खाली ओढली. आज नवा स्टिकर घेऊन येणार आहे.