जिंकणार म्हणतोस, तर कसा ते सांग: वर्ल्ड कपची चर्चा करायची रीत

२२ नोव्हेंबर २०२२, मंगळवार, दुपारचे साडेतीन. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. काउंटरवरच्या छोट्या टीव्हीसमोर अकराजण उभे होते, फुटबॉल वर्ल्ड कपचा अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया सामना बघायला. अर्जेंटिना ३६ सामने हरलेली नव्हती. दहाव्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टी मारली आणि सगळ्यांनी मान डोलावली. मग पहिल्या हाफात अर्जेंटिनाचे आणखी तीन गोल झाले, तिन्ही ऑफसाइड म्हणून रद्द, म्हणजे पास सुटताना पुढचा खेळाडू समोरच्या बचावफळीच्या पलीकडं उभा होता. हाफ टाइमला चहा आला तेव्हा दुकानातलं एकमत होतं: आता दुसऱ्या हाफात पाच बसणार.

आमच्यात एक निवृत्त पी. टी.चे सर आहेत. ते एकटेच गप्प होते. चहा संपवून म्हणाले, "तीन-तीन गोल ऑफसाइड जातात, ते नशिबानं जात न्हाईत. सौदीची लाईन कुठं उभी हाय बघा जरा."

बघितलं. त्यांचे बचावपटू आपल्या गोलजवळ दाटीवाटी करून उभे नव्हते. ते पार वर, जवळजवळ मधल्या रेषेपर्यंत येऊन उभे राहत आणि अर्जेंटिनाचा पास सुटायच्या क्षणाला एका ओळीत पुढं सरकत. ४८व्या मिनिटाला अल-शहरीनं बरोबरी केली. ५३व्या मिनिटाला सालेम अल-दौसारी डावीकडून बॉक्समध्ये शिरला, दोघातिघांच्या घोळक्यात गिरकी घेतली आणि उजव्या पायानं चेंडू लांबच्या कोपऱ्याकडं वळवला. गोलकीपर मार्टिनेझची बोटं लागली, तरी चेंडू आत गेला. २-१. दुकानात कोणी बोलेना.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात वर्ल्ड कपची चर्चा एका रीतीनं होते. तीच इथं लिहितोय. आपल्या कट्ट्यावर, ऑफिसात, घरात वापरून बघा.

आधी तीन शब्द वेगळे करा

निम्मी भांडणं शब्दांच्या गोंधळातून होतात. फेव्हरिट म्हणजे जो कप उचलू शकतो तो. हे नाव फार थोड्यांना द्यायचं, कारण २०२२ पर्यंतच्या २२ वर्ल्ड कपमध्ये फक्त आठ देशांनी कप जिंकलाय: ब्राझील पाच वेळा, जर्मनी आणि इटली चार-चार, अर्जेंटिना तीन, उरुग्वे आणि फ्रान्स दोन-दोन, इंग्लंड आणि स्पेन एकेकदा. कोणी पंधरा फेव्हरिट सांगायला लागला तर त्याला थांबवा, त्यानं अजून विचार केलेला नाही.

दुसरा छुपा रुस्तम. ह्याच्याकडं माल असतो, फक्त आपलं लक्ष नसतं. २०१८ ची क्रोएशिया हा त्याचा नमुना. चाळीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश, पण मॉड्रिच रिअल माद्रिदचा आणि राकितिच बार्सिलोनाचा. त्यांना दुबळं म्हणणं ही आपली आळशी नजर. २०२२ च्या मोरोक्कोचंही तेच. हकिमी पॅरिसच्या संघात, गोलकीपर बोनो स्पेनमध्ये सेव्हियाकडून खेळणारा. उपांत्य फेरी गाठणारा तो आफ्रिकेतला पहिला संघ ठरला, तेव्हा सगळीकडं 'चमत्कार' हा शब्द वाचला आणि मला वाईट वाटलं. उपांत्य सामन्यापर्यंत त्यांच्या जाळ्यात एकच गोल गेला होता, तोही कॅनडाविरुद्ध त्यांच्याच खेळाडूच्या पायाला लागून. पाच सामने असा बचाव करणं हे काम आहे, त्याला चमत्कार म्हणू नये.

तिसरा लिंबूटिंबू. ह्या शब्दात थोडी हेटाळणी आहे, पण सगळ्यांना कळतो म्हणून आम्ही तोच ठेवलाय. हा संघ आला हीच मोठी गोष्ट असते. त्याच्याकडून कपाची अपेक्षा करायची नाही. त्याच्याकडून एक दिवस मागायचा.

वही घाला

दोनशे पानी रेघांची वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका, कारण तिथलं बदलता येतं. वहीत खोडलं तर दिसतं, आणि दिसलंच पाहिजे. प्रत्येक संघाला एक पान, त्यावर चार गोष्टी: गोलकीपर कोण, मागच्या दहा मॅचमध्ये किती गोल खाल्ले, जखमी कोण, आणि संघ मागं पडला की काय करतो.

गोलकीपर पहिला का? लहान संघाचा तो अर्धा संघ असतो. २०१४ ला कोस्टा रिका ज्या गटात पडली त्यात उरुग्वे, इटली आणि इंग्लंड, तीन माजी विजेते. सगळ्यांनी कोस्टा रिकाला चौथं ठेवलं होतं. ती पहिली आली. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून पेनल्टींवर हरली, पण अख्ख्या स्पर्धेत गोल खाल्ले दोन. गोलमध्ये केलर नवास होता.

जखमींचं पान मोठ्या संघांसाठी जास्त महत्त्वाचं. २००२ ला फ्रान्स गतविजेता होता. स्पर्धेच्या तोंडावर झिदानची मांडी दुखावली, पहिल्या सामन्यात सेनेगलनं १-० हरवलं आणि फ्रान्स एकही गोल न करता घरी गेला. त्याच पानावर गतविजेत्याच्या नावापुढं लाल फुली मारा: २००२ ला फ्रान्स, २०१० ला इटली, २०१४ ला स्पेन, २०१८ ला जर्मनी, चौघंही पहिल्याच फेरीत गारद. २०२२ ला मात्र फ्रान्स गतविजेता असूनही अंतिम सामन्यापर्यंत गेला, म्हणून फुली ही खूण समजा, नियम नव्हे.

आता मुख्य नियम: एका वाक्यात 'कसा'

आमच्या दुकानात नुसतं 'जिंकणार' म्हणून चालत नाही. लहान संघ जिंकेल असं म्हणणाऱ्यानं तो कसा जिंकेल ते एका वाक्यात सांगायचं. मोठा संघ जिंकेल म्हणणाऱ्यानं तो कुठं अडेल ते सांगायचं. दोघांनाही उलटी बाजू बघावी लागते. वाक्य जमलं नाही तर मत वहीत चढत नाही.

सुरुवातीला पोरं चिडायची. 'मेस्सी आहे' हे वाक्य होत नाही का, असं विचारायची. होत नाही. 'समोरच्याची लाईन वर आली तर मागं पळणारा कोण आहे' हे वाक्य होतं.

जपानचं उदाहरण घ्या. २०२२ ला जर्मनीविरुद्ध हाफ टाइमला ०-१. त्यांचे कोच मोरियासू यांनी मागची रचना बदलली, बचावात तिघांची फळी केली आणि मग एकामागून एक ताजे, पळणारे खेळाडू आत सोडले. डोआननं ७५व्या मिनिटाला गोल केला, असानोनं ८३व्या. दोघंही बदली खेळाडू. असानोचा गोल आमच्याकडं अजून बोलला जातो: मागून आलेला लांब चेंडू पळता पळता पायावर घेतला, बचावपटूला खांद्याशी ठेवला आणि जर्मन गोलकीपर नॉयरच्या डोक्यावरून, जवळच्याच खांबाकडून, वरच्या जाळीत. वाक्य तयार: 'जपान अर्धा सामना सोसेल आणि शेवटच्या अर्ध्या तासात बाकावरून जिंकेल.' पुढं स्पेनविरुद्धही तसंच झालं. हाफला मागं, शेवटी २-१. चेंडू त्यांच्याकडं जेमतेम अठरा टक्के वेळ होता.

पण मधला सामना विसरू नका. जर्मनी आणि स्पेनला हरवणारी जपान मध्ये कोस्टा रिकाकडून ०-१ हरली. इथं कोल्हापूरकराला कुस्ती आठवली पाहिजे. वस्ताद पैलवान बघत नाही, जोड बघतो. जो अंगावर येणाऱ्याला त्याच्याच जोरानं पाडतो, त्याच्यासमोर कोणी आलंच नाही तर तो काय करणार? कोस्टा रिका मागं बसली, जपानला स्वतः चाल करावी लागली, आणि तो डाव त्यांच्याकडं तयार नव्हता. म्हणून 'ह्यांनी जर्मनीला हरवलं, आता ह्यांना काय अवघड' हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा: जोड कोणती?

एक कुस्ती वेगळी, अख्खं मैदान वेगळं

वहीत दोन रकाने करा: 'सामना' आणि 'स्पर्धा'. सौदीनं अर्जेंटिनाला हरवलं, पण पोलंड आणि मेक्सिकोकडून हरून ते गटातच संपले. अर्जेंटिना तो सामना हरली आणि १८ डिसेंबरला फ्रान्सशी ३-३ नंतर पेनल्टींवर कप घेऊन गेली. दोघांचे समर्थक बरोबर होते, दोघं वेगवेगळ्या प्रश्नाची उत्तरं देत होते.

बाद फेरीत 'स्पर्धा' रकान्याशेजारी खेळलेली मिनिटंही लिहा. २०१८ ला क्रोएशिया अंतिम सामन्याला आली ती डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंड ह्या तिघांशी एकापाठोपाठ १२०-१२० मिनिटं खेळून. फ्रान्सनं एकदाही जादा वेळ खेळला नव्हता. शेवटी ४-२.

२०२६ पासून गणित बदललंय, तेवढं पहिल्या पानावर लिहून ठेवा. ४८ संघ, चौघांचे १२ गट, प्रत्येक गटातले दोन आणि तिसऱ्या आलेल्यांपैकी चांगले आठ, असे ३२ पुढं. म्हणजे लिंबूटिंबूला एक विजय आणि एक बरोबरी मिळाली तर आशा पक्की धरा. युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, तिसऱ्यांना संधी द्यायची रीत २०१६ पासून आहे. त्या वर्षी पोर्तुगाल गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून तिसरा आला आणि शेवटी युरो जिंकला. २०२४ ला जॉर्जिया पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत आली, पोर्तुगालला २-० हरवलं आणि तिसऱ्या जागेवरूनच पुढं गेली.

बोलायची पद्धत

कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे, फलक लागतात. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यात जी ईर्षा असते तीच इथं उतरते. ईर्षा असावी. पण तीन गोष्टी आम्ही पाळतो.

संघाला बोला, माणसाच्या घरादाराला बोलू नका. पैसे लावू नका. पैसा आला की 'कसा' हा प्रश्न मरतो, उरतो फक्त निकाल. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजच्या पोरानं फीचे पैसे एका सामन्यावर घालवले आणि सहा महिने तो आमच्याकडं फिरकला नाही. तेव्हापासून दुकानात पैजेचा विषय निघाला की मी टीव्ही बंद करतो, सामना कुठलाही असो.

तिसरी, हरलेल्याला चहा पाजा. २०१४ च्या जुलैत जर्मनीनं ब्राझीलला त्यांच्याच देशात ७-१ हरवलं. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. सकाळी शटर उघडलं तर आमचा पिवळ्या जर्सीवाला पायरीवर बसलेला. रात्रभर झोपला नव्हता. मी अर्जेंटिनाचा, तरी तोंडून शब्द काढला नाही. चहा सांगितला, त्यानं बशीत ओतून घेतला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "दादा, मधे सहा मिनिटांत चार गोल झाले. सहा मिनिटांत." आजही तो माझ्या दुकानात सगळ्यात आधी येतो.

एक लहान संघ आपला करा

आपला फेव्हरिट कोणी असो, एक लिंबूटिंबू निवडा आणि त्याचे तिन्ही सामने पूर्ण बघा. हायलाइट्स नकोत. २०१८ ला मी आइसलँड घेतला होता, साडेतीन लाख वस्तीचा देश. अर्जेंटिनाशी १-१, आणि त्यांच्या हाल्डोरसननं मेस्सीची पेनल्टी अडवली. अर्जेंटिनाचा असून त्या क्षणी मी टाळी वाजवली. २०२६ साठी माझं पान केप व्हर्देचं. त्यांची लोकसंख्या साधारण आपल्या कोल्हापूर शहराएवढी. सरांनी कुरासाव घेतलंय, दीड लाख वस्तीचं बेट, वर्ल्ड कपला पोचलेला सगळ्यात लहान देश.

लहान संघाकडं बघायची माझी नजर २०१७ ला बदलली. १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा लिंबूटिंबू आपण होतो. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जिक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी केली. फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. दुकानात माणसं काउंटरवर चढली. आरडाओरडा संपायच्या आत कोलंबियानं दुसरा गोल केला होता. १-२. सर तेव्हा म्हणाले ते मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय: "गोल झाल्यावरचा पहिला मिनिट लहान संघाला सगळ्यात अवघड." तेव्हापासून कुठलाही लहान संघ गोल करतो तेव्हा मी जल्लोष बघत नाही, सेंटरला चेंडू ठेवल्यावर त्यांची मागची फळी जागेवर आली का ते बघतो.

वही स्पर्धा संपल्यावर टाकू नका. अंतिम सामन्यानंतरच्या रविवारी सगळ्यांना बोलवा, प्रत्येकाचं वाक्य मोठ्यानं वाचा, आणि ज्याचं 'कसा' खरं ठरलं त्याच्या नावापुढं खूण करा, त्याचा संघ हरला असला तरी. २०२२ च्या वहीत अशा खुणा नऊ आहेत. त्यातल्या चार सरांच्या, दोन पिवळ्या जर्सीवाल्याच्या.