अमेरिकेचा व्हिसा कडक झालाय, आधी आपली फाईल आपणच तपासा

चेकिंग वाढलंय ही अफवा नाही. जून २०२५ पासनं स्टुडंट व्हिसावाल्यांना सोशल मीडियाचे अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतायत, डिसेंबर २०२५ पासनं एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरवाल्यांनाही (त्यांचे नवरा-बायको, मुलं) तेच लागू झालं, आणि सप्टेंबर २०२५ पासनं ड्रॉपबॉक्सची, म्हणजे इंटरव्ह्यूशिवाय नुसते कागद देऊन व्हिसा मिळायची सोय बहुतेकांची गेली, म्हणजे नुसता रिन्यू करायचा असला तरी मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूला उभं राहायचं. आता जे ठरवून खोटं करतात त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाहीये. आपल्या सोलापुरातली पोरं खरी असूनही अडकतात, कारण एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतंच, आणि फॉर्म भरलेला असतो एजंटनं. म्हणून ऑफिसरच्या आधी आपणच ती फाईल संशयानं बघायची.

सुरुवात नावापासनं करा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला, आधार, पासपोर्ट, डिग्री सगळं शेजारी शेजारी मांडा आणि नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचा, हो अक्षरशः बोट ठेवून. आपल्याकडं दाखल्यावर आधी आडनाव मग नाव मग वडलांचं नाव, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर सख्ख्या भावांच्या आडनावाचं स्पेलिंग वेगवेगळं सापडतं, श्रीनिवासमध्ये कुठं एच आहे कुठं नाही. पासपोर्ट काढताना कुणी आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकातच कोंबलं असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं आणि मग तिकडं लायसन्स, बँक सगळीकडं तुम्ही मिस्टर एफएनयू. हे व्हिसाच्या आधीच पासपोर्टमध्ये दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणीचा दाखला आणि पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्राची कॉपी फाईलला लावायची, आणि फॉर्ममध्ये 'आधी वापरलेली नावं' विचारतात तिथं माहेरचं नाव लिहायचंच. फरक असणं गुन्हा नाही हो, तो लपवला की मग प्रॉब्लेम.

जन्म दाखल्याचं वेगळंच असतं. जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी, ते महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करून घालून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, ग्रीन कार्डचा नंबर आल्यावर पळापळ करण्यात अर्थ नाही. आईवडलांचा जन्म १ एप्रिल १९७० च्या आधीचा असेल तर नोंद नसणं नॉर्मल आहे, कारण नोंदणीचा १९६९ चा कायदाच तेव्हा लागू झाला. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, सोबत शाळेचा दाखला आणि जवळच्या ज्येष्ठ नातेवाईकाचं प्रतिज्ञापत्र, असं चालतं. 'जुन्या तारखेचा दाखला काढून देतो' म्हणणारा भेटेल, भेटतोच, त्याला चहा पाजून परत पाठवा.

डिग्रीबद्दल एकच गोष्ट. सोलापूर विद्यापीठ सुरू झालं २००४ साली, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, आणि २०१९ ला नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. तर डिग्रीवर जे छापलंय तेच फॉर्मवर, तेच रेझ्युमेवर, तेच लिंक्डइनवर. ट्रान्स्क्रिप्ट कोल्हापूरहून मागवायचं असेल तर लवकर मागवा.

पैशाचं नीट ऐका, इथंच जास्त लोक घसरतात. 'खात्यात पंधरा दिवस वीस लाख ठेवतो, एवढं कमिशन द्या' अशी ऑफर येते, आणि स्टेटमेंटमध्ये ते एका दिवशी आलेले वीस लाख आंधळ्यालाही दिसतात. ऑफिसरनं विचारलं 'हे कुठनं आले' की पोरगं बापाकडं बघतं, आणि बाप तर सोलापुरात. त्यापेक्षा एज्युकेशन लोनचं सँक्शन लेटर, एफडी, बापाचे दोन-तीन वर्षांचे रिटर्न, जे आहे ते दाखवा. पॉवरलूमचा नाहीतर टॉवेलचा धंदा आहे आणि बराचसा रोखीत चालतो तर रिटर्नमध्ये दिसतं तेवढंच इन्कम सांगा, सातबारा असेल तर जमीन आहे म्हणा पण तिची अव्वाच्या सव्वा किंमत लावून घेऊ नका.

आता डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाईन अर्ज. हा फॉर्म स्वतः भरा, इंग्रजी कच्चं असेल तर कुणाला शेजारी बसवा पण कीबोर्डवर बोटं तुमची पाहिजेत. त्यात एक प्रश्नच आहे की फॉर्म भरायला कुणी मदत केली का, आणि गंमत म्हणजे एजंट स्वतःच भरतो आणि तिथं 'नाही' टाकतो, म्हणजे पहिलं खोटं तुमच्या नावावर, तुमच्या सहीनिशी. आधी व्हिसा रिजेक्ट झालाय का, तर झाला असेल तर हो, कितीही जुना असो, त्यांच्याकडं ते सगळं असतं. मागच्या ५ वर्षांतले सोशल मीडियाचे हँडल, फोन नंबर, ईमेल, सगळं मागतात. कॉलेजातलं बंद पडलेलं इन्स्टा पण लिहा. घाबरून अकाउंट डिलीट करत बसू नका, ते उलट जास्त डोळ्यात येतं. सबमिट करायच्या आधी सगळी उत्तरं पीडीएफमध्ये सेव्ह करा, कारण कन्फर्मेशनच्या कागदावर तुमची उत्तरं नसतात, आणि पुढच्या वेळी काय लिहिलं होतं ते कुणाला आठवतंय.

जे तिकडं आहेत त्यांना थोडं. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच काम करायच्या परवानगीवर, एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि ते दिवस भरायला कागदावरच्या कंपनीत नाव लावायचं हा सल्ला रूममेट हमखास देतो. ऐकू नका. २०१९ ला मिशिगनमधली फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी आठवा, क्लास नाही, मास्तर नाही, आणि ती चालवत होतं खुद्द सरकारचं इमिग्रेशन खातं, अडकलेल्यांत बहुतेक आपलीच भारतातली पोरं होती. एच-वन-बीवाल्यांकडं साइट व्हिजिट होऊ शकते, म्हणजे इमिग्रेशनवाले प्रत्यक्ष बघायला येतात, क्लायंटच्या ऑफिसला पण, आणि घरनं काम करत असाल तर घरी पण. तुमचा हुद्दा, पगार, मॅनेजरचं नाव पिटिशनमध्ये, म्हणजे कंपनीनं तुमच्यासाठी केलेल्या अर्जात, काय लिहिलंय ते स्वतः वाचलेलं असू द्या, वकिलाकडनं कॉपी मागा. घर बदललं की १० दिवसांत एआर-११ हा पत्ता बदलल्याचा फॉर्म भरा. पे स्लिप, डब्ल्यू-टू (वर्षाचा पगार आणि टॅक्सचा कागद), आय-७९७ (इमिग्रेशनकडनं आलेली मंजुरीची नोटीस) आणि दर एन्ट्रीचा आय-९४ (कधीपर्यंत राहता येईल ती नोंद) एका फोल्डरला ठेवा, आणि आय-९४ ची तारीख दरवेळी बघा, पासपोर्ट संपत आला असेल तर ती तारीख तिथंच थांबते.

जुन्या फॉर्ममध्ये चूक सापडली तर? गप्प बसायचं नाही. चूक साधी असेल आणि त्यांनी पकडायच्या आत तुम्ही स्वतः सांगितली तर ती बरीचशी चूकच राहते, विचारल्यावर कबूल केली की ती फ्रॉडकडं झुकायला लागते. आणि जाणूनबुजून खोटं ठरलं तर अमेरिकेत आयुष्यभराची बंदी, माफीचा अर्ज असतो पण मिळेलच असं नाही. कॅनडात ५ वर्षं, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत. त्यामुळं इथं खर्च करायचा तो वकिलावर, आणि तो अमेरिकेतल्या ज्या राज्याचा वकील आहे त्या राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संघटनेच्या) वेबसाईटवर त्याचं नाव शोधून. आपल्याकडं नोटरी म्हणजे वकीलच असतो, अमेरिकेत तसं नाही, तिकडचा नोटरी फक्त शिक्का मारतो.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर पूर्ण पाहिजे, कोपऱ्यातला शिक्का आणि समासातला शेरा धरून, आणि खाली करणाऱ्यानं 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे' असं लिहून सही करायची. तिकडच्या इमिग्रेशन ऑफिसला एवढं पुरतं, नोटरीचे पैसे वाचवा.

मुंबईला बोटांच्या ठशांची अपॉइंटमेंट वेगळी आणि इंटरव्ह्यू वेगळा असतो, त्यामुळं रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून सकाळी पोचलात तरी मुक्कामाची सोय बघून ठेवा. इंटरव्ह्यूला फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून कॉलेजचा पत्ता, तिकडच्या नातेवाईकाचं नाव-नंबर असं सगळं साध्या कागदावर लिहून फाईलला सगळ्यात वर लावा.