फ्री मोशन क्विल्टिंगची स्वस्तात प्रॅक्टिस करताय? या चुका टाळा

फ्री मोशन, म्हणजे कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते बंद ठेवून आपल्याच हातांनी कापड फिरवत नक्षी शिवणं, शिकायला घेतलं की बहुतेक जणी आठवड्याभरात म्हणतात, माझा हातच वळत नाही. पण बऱ्याचदा हाताचा काही दोष नसतो हो, मशीनखाली घेतलेलं सामान चुकलेलं असतं. प्रॅक्टिस स्वस्तातच करायला हवी, नवं कापड आणि महाग बॅटिंग (दोन कापडांमधलं भरण) फाडून शिकणं कोणाला परवडणार, फक्त काटकसर कापडात करा, सुई-दोऱ्यात नको.

मी सुरुवातीला आईच्या डब्यातली जुनी रिळं संपवायला काढली होती. दोरा दर दोन इंचांवर तुटायचा आणि मी तीन दिवस टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, डायल फिरवत बसले, बॉबिन केस उघडून साफ केली, मशीनला तेल दिलं, आणि शेवटी कळलं की दोराच कुजलाय. म्हणून आधी वीतभर दोरा हातात धरून ओढून बघा, पटकन तुटला तर ते रीळ मशीनवर लावूच नका. साधा पण चांगला पॉलिस्टर दोरा घ्या, वर आणि बॉबिनमध्ये तोच. सुईही नवी, 14 नंबरची. ब्लाउजसाठी लावलेली 11 नंबरची सुई तीन थरांत (वरचं कापड, भरण, मागचं कापड) वाकते, टाके सुटतात, कधीकधी खालच्या प्लेटला आपटून तुटतेसुद्धा.

आता कापड. जुनी सुती चादर सगळ्यात भारी. पॉलिस्टर-मिक्स घट्ट विणीची चादर घेतली तर टाके सुटतात आणि आपण उगाच मशीनला दोष देतो. जुनी सुती साडी घ्यायचा मोह होतोच, आपल्या गोधड्या त्यावरच झाल्यात. पण गोधडीत हाताने धावदोरा घालताना बोटं कापड सावरत असतात, मशीनखाली तीच मऊ साडी सरकते आणि चुण्या पडतात. तिला कांजी करा, कडक इस्त्री करा आणि दोन पदर घ्या, मग छान चालते. आत जुनं फ्लॅनेल किंवा पातळ सुती ब्लँकेट घाला. टीशर्टचं होजियरी ताणलं जातं आणि सुटा कापूस गोळा होतो, ही दोन्ही नकोत.

तुकडा साधारण 12 इंचांचा चौकोन करा. लहान केला तर दोन्ही हातांना धरायला जागाच उरत नाही. आणि कच्चे टाके किंवा सेफ्टी पिना टाळू नका, चार-चार इंचांवर हव्यातच, नाहीतर मागच्या कापडाला घडी पडते आणि ती दिसते सगळं शिवून झाल्यावर.

खाली दोऱ्याचा पुंजका झाला तर टेन्शनला हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, फूट (सुईजवळचा, कापड दाबणारा मशीनचा पाय) खाली केलाय का? फ्री मोशनला लावतात तो डार्निंग फूट कापडाच्या किंचित वर तरंगतो त्यामुळे तो खाली घ्यायचा राहिलाय हे लक्षातच येत नाही. दोन, दोरा ओवताना फूट वर होता का? फूट वर असला की टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा नीट आत बसतो. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, दोन्ही टोकं धरून दोन-तीन टाके घाला, मगच पुढे जा.

फूट न लावता नुसत्या सुईवर करायला जाऊ नका. रिंगमध्ये ताणलेल्या एकेरी कापडावर सरावलेले कारागीर तसं करतात, पण आपले तीन थर सुईबरोबर वर उचलले जातात, आणि बोटांना धोका वेगळाच.

टेन्शन बघायचं असेल तेव्हा वर लाल आणि खाली निळा असे दोन वेगळे रंग लावा. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन कमी करा. मागे निळा दोरा तारेसारखा सरळ पडला आणि लाल फास दिसले तर वरचं वाढवा, पण हे फक्त वळणावरच होत असेल तर तुम्ही वळताना हात झटकताय, तिथे हात हळू करा आणि मशीनचा वेग तोच ठेवा.

दाते खाली जात नाहीत म्हणून नवी मशीन घेऊ नका. जाड कार्डाला सुईपुरतं भोक पाडून ते दात्यांवर सेलोटेपने चिकटवा, टाक्याची लांबी शून्यावर ठेवा, झालं काम. पायमशीन असेल तर उत्तमच, दोन्ही हात मोकळे राहतात. हातमशीनवर मात्र एक हात दांड्यातच अडकतो, त्यावर हे जमत नाही.

आणि नक्षी थेट कापडावर सुरू करू नका, आधी कागदावर पेन न उचलता काढा. मला मोडी लिपीच्या सरावाचा खूप उपयोग झाला, आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढायची आणि मग त्याखाली अक्षरं वळवत जायचं, हेच वळण मशीनवर लागतं. तुकडा भरला तरी टाकू नका, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने त्यावरच पुन्हा शिवा. शेवटी त्याचं पायपुसणं होतं. गरम भांडी धरायला वापरणार असाल तर मात्र आतलं भरण आणि कापड दोन्ही सुतीच हवं, पॉलिस्टर बॅटिंग गरम कढईला वितळतं.