डिझाइन आधी उन्हात नेऊन बघा

मी जळगावात बसून केळीचे व्यापारी, कृषी केंद्रं आणि छोट्या दुकानांसाठी वेबसाइट आणि ॲप डिझाइन करते. शिकायला येणारी मुलं फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्यांदा रंग निवडायला बसतात. रंगाचं काम सगळ्यात सोपं, ते शेवटी केलं तरी चालतं. आधी रावेर, सावदा, फैजपूर, जिथला वापरणारा असेल तिथली बस धरा.

जाताना स्वस्तातला, जुना, स्क्रीनगार्डला तडे गेलेला फोन न्या. तुमच्या नव्या फोनवर सगळंच छान दिसतं. वजनकाट्याजवळची चहाची टपरी ही चाचणीची उत्तम जागा, कारण गाडीचा नंबर लागेपर्यंत माणसाला दुसरं काम नसतं. त्याला ॲप समजावून सांगू नका, काम द्या: "नाना, परवा तुमच्या बागेची कापणी लावायची आहे, यावर लावून दाखवा." एवढं बोलून गप्प बसा. हेच फार जड जातं. "अहो, ते खालचं हिरवं दाबा ना" हे वाक्य ओठांवर येऊन थांबलेलं असतं. नानांनी "आता काय दाबू, ताई?" विचारलं तर उलट विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" अंगठा कुठे घुटमळला, कुठून मागे फिरले, मोठ्याने वाचताना कुठे अडखळले, हे वहीत लिहा. "आवडलं का?" हा प्रश्न मात्र बाद. आपला चहा प्यायलेला माणूस "चांगलं आहे" असंच म्हणणार.

किती जण लागतात? वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब असा की पाच जणांसोबत चाचणी केली तर वापरण्यातल्या जवळजवळ ८५ टक्के अडचणी दिसतात. पण ते पाच एकाच प्रकारचे हवेत, हे लोक विसरतात. शेतकरी, व्यापारी आणि कापणीच्या टोळीचा मुकादम ही तीन वेगळी माणसं. अशा वेळी प्रत्येकातले तीन घ्या, असं निल्सनच सांगतात. कृषी केंद्रावरचा चुणचुणीत पोरगा यात धरू नका, त्याला सगळंच येतं.

मेनू ठरवण्याआधी चिठ्ठ्यांचा खेळ करा. एकेका चिठ्ठीवर ॲपमधली एकेक गोष्ट लिहा आणि वापरणाऱ्यांनाच गठ्ठे लावू द्या. प्रोग्रामर केळीची यादी वाणानुसार लावतो. शेतकरी नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (पिलांवरचं पुढचं पीक), वापसी (कमी प्रतीचा माल) असे गठ्ठे करतो, कारण भाव तसा निघतो. मग पहिल्या पानावर काय हवं यावर मीटिंग घ्यायची गरज उरत नाही.

आता ऊन. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो. फोन तापला की तो स्वतःच स्क्रीनचा उजेड कमी करतो, आणि तुमची नाजूक करडी अक्षरं गायब होतात. वेबच्या सुलभता नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ : १ मागितलाय. डिझायनरांचा लाडका ९९९९९९ या कोडचा करडा रंग पांढऱ्यावर ३ : १सुद्धा गाठत नाही. बांधावर वापरायचं असेल तर मी ७ : १ धरते.

बटणाच्या किमान मापासाठी ॲपल ४४ पॉइंट सांगतं, गूगल ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मोजमापं). केळीचा चीक लागलेल्या राठ बोटांसाठी ही सुरुवात समजा. आणि 'रद्द' व 'नक्की करा' यांना शेजारी बसवू नका, कापणी रद्द होणं म्हणजे गाडी रिकामी परत जाणं.

मराठी मजकुराकडे तर बहुतेक जण बघतच नाहीत. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत देवनागरी ओतली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. बटणाची उंची कोंडली असेल तर ऊकार कापलेच जातात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, शून्य, कारण ती वाढवली की शिरोरेषा तुटते. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशीच लिहा, हिंदी नको. नोटोसारख्या फॉन्टमध्ये त्यावरून मराठी वळणाचे ल आणि श येतात.

फॉर्ममध्ये मोबाइल नंबरच्या रकान्याला अंकांचा कीबोर्ड उघडला पाहिजे, आणि १२३ देवनागरीत टाकले तरी चालले पाहिजेत. नावाच्या रकान्याला 'फक्त अक्षरं' असा नियम लावला की गंमत होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, काना, मात्रा, वेलांटी अक्षरांच्या वर्गात नसतात, त्यांचा वर्ग 'मार्क'. मग 'कमल' पुढे जाते आणि 'सीता' अडते. नियमात दोन्ही वर्ग घ्या.

ओटीपीचं दुखणं आमच्याकडे घराघरात आहे. नंबर नोंदवलेला असतो मुलाचा, तो असतो सुरतेला नाहीतर पुण्याला, आणि वडील बागेत. वडिलांचा फोन मुलाला लागेपर्यंत ओटीपीची दोन मिनिटं संपतात. एका खात्याला दोन नंबर जोडू द्या, मुदत दहा मिनिटं ठेवा.

रेंज जाणारच, हे धरून चाला. भरलेली माहिती आधी फोनमध्येच साठवा आणि 'पाठवायचं बाकी आहे' असं स्पष्ट दाखवा. नुसतं गोल फिरणारं चक्र बघून माणूस तेच बटण चारदा दाबतो. एका सेकंदापर्यंतचा उशीर चालून जातो, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं.

या फेरीचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर मालक तोच पहिला कापतो. चाचणी करताना विचारून फक्त हात आणि स्क्रीन यांचा व्हिडिओ घ्या, चेहरा नको. लांबलचक अहवालाऐवजी मालकाला त्यातला दीड-दोन मिनिटांचा तुकडा दाखवा, ज्यात नाना भाव शोधत खालीवर सरकतायत आणि वरचा अर्धा स्क्रीन लोगोने व्यापलाय.