फाऊलची शिक्षा आणि सामन्यावरचा ताबा : नव्या फुटबॉल पंचांसाठी

पंचाने कडक असावे की खेळ मोकळा सोडावा, यावर फुटबॉलमध्ये कायम वाद चालतो. माझ्या मते या वादात दोन वेगळी कामे एकत्र मिसळली जातात. फाऊलला शिक्षा ठरवणे हे एक काम आहे आणि सामना हातात ठेवणे हे दुसरे. शिक्षा त्या एका कृतीकडे पाहून ठरवायची असते, तर ताबा नव्वद मिनिटे शिट्टी, आवाज, नजर आणि पंचाची उभे राहण्याची जागा यांतून मिळवायचा असतो. ही सरमिसळ झाली की पंच वातावरण निवळावे म्हणून किरकोळ फाऊलला कार्ड दाखवतो किंवा सामना बिघडू नये म्हणून गंभीर फाऊल पोटात घालतो.

शिक्षेचे मोजमाप फुटबॉलच्या नियमावलीतल्या बाराव्या नियमात दिले आहे आणि ते पाठ करण्यापेक्षा डोळ्यांत मुरवणे महत्त्वाचे आहे. खेळाडूने चेंडूसाठी झटताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि तिथे फ्री किक पुरते. समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता तो भिडला, तर पिवळे कार्ड, म्हणजे ताकीद, द्यावे लागते. गरजेपेक्षा खूप जास्त बळ वापरून त्याने समोरच्याच्या शरीराला धोका निर्माण केला, तर लाल कार्डाला, म्हणजे मैदानाबाहेर काढण्याला, पर्याय उरत नाही.

एक प्रसंग जवळून पाहू. मैदानाच्या मध्यावर चेंडू सुटा झाला आहे, दोन खेळाडू दोन बाजूंनी धावत आहेत, एकजण क्षणभर आधी पोहोचतो आणि दुसरा घसरत येतो. अशा वेळी पंचाने चेंडूवरून नजर काढून घसरणाऱ्याच्या पायाकडे न्यावी. तो किती लांबून आणि किती वेगाने येत आहे, एक पाय पुढे आहे की दोन्ही, पाय जमिनीला लागून आहे की उचललेला, बुटाचे स्टड (तळाचे खुंट) समोरच्याकडे रोखलेले आहेत का, गुडघा ताठ आहे की वाकलेला, आणि धडक पावलाला बसली, घोट्याला की नडगीला, हे टिपावे. वाकलेला गुडघा धडकेचा जोर थोडा शोषतो, तर ताठ पायातून तो सगळा समोरच्याच्या हाडावर उतरतो. ‘मी आधी चेंडूला लागलो’ हा बचाव मैदानावर सर्रास ऐकू येतो, पण चेंडूला स्पर्श झाल्याने पुढची बेपर्वाई माफ होत नाही. दुखापत किती झाली यावरूनही कार्डाचा रंग ठरवू नये, कारण साध्या धडकेतही घोटा मुरगळू शकतो आणि भयंकर टॅकलमधूनही एखादा सहीसलामत उठतो.

सामन्याच्या सुरुवातीला कार्ड काढू नये, असा सल्ला नव्या पंचांना हमखास मिळतो. मला तो मान्य नाही, कारण पहिल्या मिनिटातला नडगीवरचा स्टड ऐंशीव्या मिनिटातल्या स्टडइतकाच धोकादायक असतो. २००६ च्या विश्वचषकात न्यूरेंबर्गला पोर्तुगाल आणि नेदरलँड्स यांच्या सामन्यात सोळा पिवळी आणि चार लाल कार्डे निघाली. सातव्या मिनिटाला नेदरलँड्सच्या खालिद बुलाहरूझने पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोच्या मांडीवर स्टड रोवले, तेव्हा त्याला पिवळे कार्ड मिळाले आणि रोनाल्डोला मध्यंतरापूर्वीच मैदान सोडावे लागले. तिथे लाल कार्ड हवे होते, असे माझे मत आहे. पहिल्या गंभीर फाऊलला कमी शिक्षा झाली की समोरचा संघ हिशेब स्वतः चुकता करायला निघतो आणि मग कितीही पिवळी कार्डे दाखवली तरी ती अपुरी पडतात.

अर्थात, दिसलेच नाही तर शिक्षा कशी देणार? २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या निगेल डी याँगची लाथ स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसली, तेव्हा पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळे कार्ड दाखवले. आपल्याला प्रसंग नीट दिसला नव्हता आणि तिथे लाल कार्डच योग्य होते, हे त्यांनी नंतर उघडपणे सांगितले. म्हणून जवळ असण्याइतकाच कोनही महत्त्वाचा आहे. दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल असे बाजूला सरकावे. एकाच्या पाठीमागे उभे राहिल्यास दहा मीटरवरूनही काही कळत नाही.

अॅडव्हान्टेज देताना, म्हणजे फाऊल झालेल्या संघाच्या फायद्यासाठी खेळ न थांबवता चालू ठेवताना, घाई करू नये. फाऊल झालेल्या संघाकडे चेंडू राहिला एवढ्याने फायदा होत नाही, त्यांना खरोखर पुढे सरकता यायला हवे. शिट्टी तोंडाजवळ ठेवून काही सेकंद थांबावे आणि फायदा मिळाला नाही तर मागे येऊन फ्री किक द्यावी. खेळ सुरू ठेवला तरी बेपर्वा टॅकलचे कार्ड माफ होत नाही, चेंडू थांबताच ते दाखवावे. लाल कार्डाच्या किंवा दुसऱ्या पिवळ्या कार्डाच्या फाऊलला मात्र गोलची स्पष्ट संधी नसेल तर खेळ तिथेच थांबवावा, कारण चिडलेले खेळाडू चेंडू बाहेर जाण्याची वाट पाहत नाहीत.

गोलची स्पष्ट संधी हिरावली का, हे ठरवताना गोलपर्यंतचे अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता आणि बचावपटूंची संख्या व जागा, या चारही गोष्टी पाहाव्यात. शेवटचा बचावपटू होता म्हणून लाल कार्ड, ही प्रेक्षकांची समजूत आहे, नियम नव्हे. २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात असा फाऊल झाला, तर पेनल्टी आणि पिवळे कार्ड दिले जाते. ओढणे, धरणे किंवा ढकलणे असेल, तर सर्वसाधारणपणे लाल कार्ड कायम राहते.

छोट्या छोट्या फाऊलांचा सपाटा सामना सर्वाधिक बिघडवतो, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एकच खेळाडू वारंवार फाऊल करत असेल, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी त्याला बाजूला घेऊन थोडक्यात समज द्यावी. पुढच्या वेळी कार्ड दाखवताना आधीच्या फाऊलांच्या जागांकडे हाताने निर्देश करावा, म्हणजे शिक्षा कशाची आहे हे दोन्ही संघांना कळते. एकाच चपळ खेळाडूला आळीपाळीने पाडले जात असेल तर ते हेरणे अधिक कठीण जाते, कारण प्रत्येक फाऊल करणारा वेगळा असतो. अशा वेळी कर्णधाराला बोलावून, आता पुढच्याला कार्ड मिळेल, असे स्पष्ट सांगावे आणि तो शब्द पाळावा.

हुज्जत घालणाऱ्यांचा घोळका जमू देऊ नये. २०२४ च्या युरो स्पर्धेत पंचाशी निर्णयाबद्दल फक्त कर्णधाराने बोलावे, अशी पद्धत ठेवली गेली, आणि ती प्रत्येक पातळीवर उपयोगी आहे. शिट्टी मोठी आणि लांब वाजवावी, फाऊलच्या जागेकडे झपाट्याने जावे, पडलेला आणि पाडणारा यांच्यामध्ये उभे राहावे, मात्र कोणालाही हात लावू नये. कार्ड खेळाडूच्या नाकासमोर नाचवू नये. दोन पावले अंतर राखून, त्याच्या डोळ्यांत पाहत, शांतपणे वर धरावे. दिलेला निर्णय ओरडा झाला म्हणून बदलू नये, परंतु साहाय्यक पंचाने वेगळे पाहिले असेल तर खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी तो अवश्य बदलावा.

कार्ड दाखवल्याबरोबर खेळाडूचा क्रमांक, मिनिट आणि कारण वहीत लिहावे. २००६ मध्येच क्रोएशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या सामन्यात पंच ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला दुसऱ्या नव्हे, तर तिसरे पिवळे कार्ड दाखवल्यावर बाहेर काढले, म्हणजे नोंदीतली गफलत विश्वचषकातही घडते. सामन्यानंतरच्या अहवालात ‘धोकादायक खेळ’ असे मोघम लिहू नये. कोणत्या मिनिटाला, कोणत्या पायाने, कुठे धडक बसली, चेंडू किती दूर होता आणि आपण स्वतः किती अंतरावर होतो, हे लिहावे, कारण शिस्तपालन समिती पुढची बंदी त्याच मजकुराच्या आधारे ठरवते.